अरगॉन-कालमापन आणि 'खडकाचे वय' ही संकल्पना : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

अरगॉन या वायूच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून खडकांचा काळ ठरविण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात भूविज्ञानातील एक प्रमुख साधन ठरली आहे. या पद्धतीने मिळणारा आकडा मराठी पाठ्यपुस्तकांत व लोकप्रिय लेखनात 'खडकाचे वय' म्हणून सरसकट वापरला जातो. मानपाडा परिसरातील बेसाल्ट आणि अन्यत्र आढळणारे अभ्रकधारी रूपांतरित खडक यांची तुलना करता, दोन्ही ठिकाणी मिळणाऱ्या आकड्यांचा अर्थ एकच नाही, असे दिसून येते. बेसाल्टमधील आकडा खडक थिजल्याचा काळ सांगतो. अभ्रकातील आकडा मात्र खडकाच्या इतिहासातील एखाद्या उत्तरकालीन टप्प्याचा असतो, आणि तो टप्पा कोणता याविषयी तज्ज्ञांतही मतभेद आहेत. हा भेद अध्यापनात व लेखनात स्पष्ट करणे का आवश्यक आहे, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : अरगॉन समस्थानिक, अभ्रक, रूपांतरित खडक, दख्खन बेसाल्ट, शीतनकाल, मानपाडा

१. प्रस्तावना

मानपाडा हे नाव ठाणे जिल्ह्यात दोन ठिकाणी आढळते. एक मानपाडा ठाणे शहरात घोडबंदर मार्गालगत, येऊरच्या डोंगरपायथ्याशी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहे. दुसरे डोंबिवली पूर्वेस कल्याण-शीळ मार्गावर आहे. दोन्ही ठिकाणी जमिनीखालचा खडक एकाच कुळातील आहे. दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बाहेर पडलेल्या लाव्हापासून बनलेला हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट होय. येऊरच्या डोंगरउतारावर, जुन्या दगडखाणींत आणि इमारतींच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत तो सहज दृष्टीस पडतो.

हा खडक किती वर्षांचा आहे, असे या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्यास विचारले, तर 'साडेसहा कोटी' हे पाठ केलेले उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर ढोबळमानाने चूक नाही. परंतु त्यात तीन त्रुटी दडलेल्या आहेत. पहिली त्रुटी आकड्याची आहे, कारण त्यामागील मानके बदलली आहेत. दुसरी स्थळाची आहे, कारण सह्याद्रीच्या कड्यावरील लाव्हाथरांचा काळ मुंबई-ठाणे किनारपट्टीला सरसकट लावला जातो. तिसरी त्रुटी अर्थाची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. खडकाला एकच वय असते आणि यंत्र ते मोजते, असे या उत्तरात गृहीत धरलेले असते. बेसाल्टच्या बाबतीत हे गृहीतक बव्हंशी चालून जाते. अभ्रकधारी रूपांतरित खडकांच्या बाबतीत ते टिकत नाही. या तिन्ही त्रुटींचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पद्धतीचे स्वरूप आणि तिची गृहीतके

पोटॅशिअम हे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात विपुल आहे. त्यातील अत्यल्प अंश, म्हणजे दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू, पोटॅशिअम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षांचा आहे. ऱ्हास पावणाऱ्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ८९ अणूंचे कॅल्शिअम-४० मध्ये आणि ११ अणूंचे अरगॉन-४० मध्ये रूपांतर होते. अरगॉन हा निष्क्रिय वायू असल्यामुळे तो खनिजाच्या जाळीत रासायनिक बंधाने बांधला जात नाही. खडक वितळलेला असेल तर तो निसटून जातो. खडक घन व पुरेसा थंड असेल तर तो स्फटिकात अडकून राहतो. अडकलेल्या अरगॉनचे पोटॅशिअमशी असलेले प्रमाण मोजले की, तो साचू लागल्यापासून किती काळ लोटला हे काढता येते.

मूळ पोटॅशिअम-अरगॉन पद्धतीत पोटॅशिअम व अरगॉन यांची मोजणी नमुन्याच्या वेगवेगळ्या भागांवर, वेगवेगळ्या तंत्रांनी करावी लागे. १९६६ मध्ये मेरिह्यू व टर्नर यांनी या अडचणीवर मार्ग सुचविला. नमुना अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवला असता पोटॅशिअम-३९ च्या काही अणूंचे अरगॉन-३९ मध्ये रूपांतर होते. त्यामुळे पोटॅशिअमचे प्रमाणही अरगॉनच्याच रूपात, त्याच नमुन्यातून आणि त्याच उपकरणाने मोजता येते. या पद्धतीचा दुसरा लाभ असा की, नमुना पायरीपायरीने तापवून प्रत्येक पायरीवर निघणाऱ्या वायूचे स्वतंत्र मापन करता येते. लागोपाठच्या अनेक पायऱ्यांवर, निघालेल्या अरगॉन-३९ च्या निम्म्याहून अधिक भागासाठी, त्रुटिमर्यादेत एकच आकडा येत राहिला, तर आलेखावर सपाट पट्टा दिसतो. त्याला 'पठार' असे म्हणतात आणि तो आकडा विश्वासार्ह मानला जातो.

हे काम मानपाड्यापासून फार दूर चालत नाही. पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या पृथ्वीविज्ञान विभागात या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा उभारली गेली आणि तेथील नमुन्यांवरील न्यूट्रॉनांचा मारा तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत करण्यात आला आहे.

या पद्धतीचा आकडा तीन गृहीतकांवर उभा असतो. आरंभी नमुन्यात वातावरणातील अरगॉनखेरीज जुना अरगॉन नव्हता, हे पहिले. नंतरच्या काळात अरगॉन आत आला नाही वा बाहेर गेला नाही, हे दुसरे. ज्या ज्ञात-काल खनिजासोबत नमुना भट्टीत ठेवला, त्या मानकाचा काळ अचूक आहे, हे तिसरे. अंतिम आकड्यापुढे लिहिलेली त्रुटी बहुधा मापनाची असते. पहिली दोन गृहीतके चुकल्यास होणारी चूक त्या त्रुटीत धरलेली नसते.

३. बेसाल्टची साक्ष

दख्खन बेसाल्टवरील जुन्या पोटॅशिअम-अरगॉन मापनांतून सुमारे ८ कोटींपासून ३ कोटी वर्षांपर्यंत पसरलेले आकडे आले होते. त्यावरून हे उद्रेक कोट्यवधी वर्षे चालू होते, असा समज दृढ झाला. प्रत्यक्षात या विस्ताराचे एक मोठे कारण खडकाच्या झिजेत होते. बेसाल्टमध्ये पोटॅशिअम कमी असते. त्यातील काचमय भाग पाण्याच्या संपर्काने बदलतो आणि पोकळ्यांत स्टिल्बाइटसारखी दुय्यम खनिजे तयार होतात. अशा बदलात अरगॉन निसटतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. १९८८ मध्ये डंकन व पाइल यांनी अरगॉन-४०/अरगॉन-३९ पद्धतीने दाखवून दिले की, पश्चिम घाटातील प्रचंड लाव्हाराशी क्रेटेशियस-पॅलिओजीन सीमेच्या आसपास, भूशास्त्रीयदृष्ट्या अल्पावधीत साचली.

यानंतर वाद सूक्ष्म झाला. १९९३ मध्ये वेंकटेशन, पांडे व गोपालन यांनी या राशीचा मोठा भाग सीमेच्या आधीचा असल्याचे प्रतिपादन केले. २०१९ मध्ये स्प्रेन व सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीच्या अधिक सूक्ष्म मापनांवरून बहुतांश घनफळ सीमेनंतरचे ठरविले. त्याच वर्षी शोएन व सहकाऱ्यांनी झिरकॉनमधील युरेनियम-शिसे पद्धतीने उद्रेकांचे चार आवर्त मांडले. दरम्यान अजय बक्षी यांनी अनेक प्रकाशित आकड्यांची कठोर तपासणी केली. नमुन्यातील अरगॉन-३६ चे प्रमाण हे झिजेचे निदर्शक मानून, पुष्कळ आकडे झिजलेल्या नमुन्यांवरचे असल्यामुळे अग्राह्य ठरतात, अशी त्यांची भूमिका होती. बक्षी यांच्या निकषांची कठोरता सर्वांनी मान्य केलेली नाही. तथापि 'पठार मिळाले म्हणजे वय मिळाले' ही सोयीची समजूत त्यांच्या टीकेमुळे ढळली, हे मान्य करावे लागते.

मानकांचा प्रश्नही याच संदर्भात महत्त्वाचा आहे. फिश कॅन्यन येथील सॅनिडीन या मानक खनिजाचा काळ १९९८ मध्ये २ कोटी ८० लाख २० हजार वर्षे धरला गेला. २००८ मध्ये तो २ कोटी ८२ लाख १ हजार वर्षे असा सुधारण्यात आला. फरक एक टक्क्याहूनही कमी आहे. तथापि या व अशा सुधारणांमुळे क्रेटेशियस-पॅलिओजीन सीमा ६ कोटी ५५ लाखांवरून ६ कोटी ६० लाख वर्षांवर गेली. खडक तोच राहिला, मोजपट्टी बदलली. 'साडेसहा कोटी' हे पाठांतर या बदलाआधीचे आहे.

स्थळाची त्रुटी याहून मोठी आहे. २००१ मध्ये शेठ, पांडे व भूतानी यांनी मुंबईतील मनोरी व साकीनाका येथील ट्रॅकाइट खडकांचे काळ अनुक्रमे ६ कोटी ४ लाख व ६ कोटी १८ लाख वर्षे असे प्रसिद्ध केले. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीसाठीही ६ कोटी ५ लाखांचा आकडा मिळाला. २०१७ मध्ये पांडे, यतीश व शेठ यांनी घाटकोपर-पवई परिसरातील दोन लाव्हाथरांसाठी ६ कोटी २४ लाख आणि तीन भित्तींसाठी ६ कोटी १८ लाख ते ६ कोटी २८ लाख वर्षे असे आकडे दिले. समुद्राकडे कललेले थर पनवेल वळणाच्या आधीचे व उभ्या भित्ती नंतरच्या असल्याने, त्या वळणाचा काळही सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षे ठरला. भारतापासून लक्ष्मी कटक व सेशेल्स विलग होण्याचा काळ हाच आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरील मुख्य उद्रेकानंतर सुमारे तीस लाख वर्षांनी मुंबई परिसरात लाव्हा पुन्हा उसळला होता.

यावरून मानपाड्याच्या खडकाचा काळ ६ कोटी २४ लाख वर्षे ठरला, असे म्हणणे मात्र योग्य नाही. मापन घाटकोपर-पवईच्या नमुन्यांचे आहे. त्यावरून येऊरच्या पायथ्याविषयी किंवा डोंबिवलीविषयी अनुमान करता येते. परंतु अनुमान आणि मापन यांची सरमिसळ होऊ नये. याच २०१७ च्या निबंधात साकीनाक्याच्या ट्रॅकाइटचा आकडा ६ कोटी २२ लाख असा येतो. २००१ च्या आकड्याशी तो त्रुटिमर्यादेत जुळतो. लेखकाने कोणता आकडा घेतला हे न सांगता तो उद्धृत केल्यास वाचकास विनाकारण विसंगती भासेल.

४. अभ्रकाची साक्ष

बेसाल्टचा विचार करताना एक सोय असते. लाव्हा भूपृष्ठावर आला की तो लवकर थिजतो. त्यामुळे खडक तयार होणे आणि त्यात अरगॉन साठू लागणे या दोन घटना व्यवहारतः एकाच वेळी घडतात. रूपांतरित खडकात ही सोय नसते. चिखलापासून बनलेला शेल जमिनीत खोल गाडला गेला, दाब व उष्णता यांनी त्यात नवी खनिजे तयार झाली, आणि त्याचा अभ्रकयुक्त शिस्ट बनला, असे समजू. ही स्थित्यंतरे पाचशे-सहाशे अंश सेल्सिअस तापमानात घडली असतील, तर त्या उष्णतेत अभ्रकात तयार होणारा अरगॉन आत टिकत नाही. खडक वर उचलला जाऊन निवू लागतो, एका विशिष्ट तापमानाखाली येतो आणि तेथून पुढे अरगॉन साठू लागतो. १९७३ मध्ये डॉडसन यांनी या तापमानाची गणिती मांडणी केली. ते एक ठाम मूल्य नसून स्फटिकाचा आकार व निवण्याचा वेग यांनुसार बदलते. काळ्या अभ्रकासाठी, म्हणजे बायोटाइटसाठी, ते सामान्यतः ३०० ते ३५० अंशांच्या आसपास धरतात. पांढऱ्या अभ्रकासाठी, म्हणजे मस्कोव्हाइटसाठी, पूर्वी ३५० अंशांच्या आसपासचे मूल्य वापरात होते. २००९ मध्ये हॅरिसन व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनंतर सव्वाचारशे अंशांच्या जवळचे मूल्य पुढे आले.

याचा अर्थ असा की, अभ्रकाचा आकडा 'खडक केव्हा जन्मला' या प्रश्नाचे उत्तर नसून 'खडक केव्हा एवढा निवला' या प्रश्नाचे उत्तर आहे. एकाच खडकातील हॉर्नब्लेंड, मस्कोव्हाइट व बायोटाइट यांचे आकडे वेगवेगळे आले, तर त्यांपैकी एक खरा व बाकीचे खोटे, असे नसते. प्रत्येक खनिज वेगळ्या तापमानाची नोंद ठेवते आणि त्या नोंदींच्या मालिकेतून खडक किती वेगाने वर आला हे उलगडते.

लडाखमधील त्सो मोरारी परिसर हे याचे उत्तम उदाहरण आहे. २००० मध्ये द सिगोयेर व सहकाऱ्यांनी तेथील खडकांचा अनेक पद्धतींनी अभ्यास प्रसिद्ध केला. गार्नेट व तत्सम खनिजांतील ल्युटेशियम-हॅफ्नियम आणि समेरियम-निओडिमियम पद्धतींनी सुमारे ५ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा टप्पा मिळाला. भारतीय भूखंडाची कडा तेव्हा आशियाखाली खोल गाडली गेली होती. फेंगाइट या सिलिकायुक्त पांढऱ्या अभ्रकाचा अरगॉन-काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षे आला. बायोटाइट आणि कमी सिलिका असलेले मस्कोव्हाइट यांनी सुमारे ३ कोटी वर्षे असा काळ दिला. एकाच शिलासमूहाने तीन आकडे दिले आणि तिघांत अडीच कोटी वर्षांचे अंतर आहे. या खडकाचे 'वय' कोणते, हा प्रश्नच येथे निरर्थक ठरतो.

५. शीतन की पुनर्स्फटिकीभवन?

त्सो मोरारीचेच उदाहरण आणखी एका वादाकडे नेते. तेथील लेखकांनी बायोटाइट व कमी सिलिकेचे मस्कोव्हाइट ही कमी दाबाखाली नव्याने स्फटिकीभूत झालेली खनिजे मानली. म्हणजे त्यांचा आकडा केवळ निवण्याचा नसून त्या खनिजांच्या निर्मितीचाही असू शकतो. १९९८ मध्ये इगोर व्हिला यांनी या मुद्द्याला व्यापक रूप दिले. त्यांच्या मते अरगॉनची ये-जा मुख्यतः तापमानावर अवलंबून नसते. द्रवांचा वावर, खडकाचे विरूपण आणि खनिजांचे पुनर्स्फटिकीभवन यांचा प्रभाव अधिक असतो. ही भूमिका स्वीकारली तर अभ्रकाचा प्रत्येक आकडा तापमानात रूपांतरित करून काढलेले उत्थानाचे वेग संशयास्पद ठरतात.

या वादाचा निकाल एका बाजूने लावणे घाईचे होईल. जलद निवलेल्या व नंतर विशेष न बदललेल्या खडकांत डॉडसन यांची मांडणी उपयुक्त ठरते. ज्या खडकांत अभ्रकाच्या दोन-तीन पिढ्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, तेथे व्हिला यांचा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही. म्हणून आकडा वाचण्याआधी खडकाचा पातळ छेद पाहणे अनिवार्य ठरते.

पायरीपायरीच्या तापनातही अभ्रकाची एक अडचण आहे. अभ्रकाच्या संरचनेत हायड्रॉक्सिल गट असतात. निर्वातात तापवताना ते निघून जातात व संरचनाच मोडते. त्यामुळे स्फटिकाच्या गाभ्यातील व कडेच्या अरगॉनमधील फरक मापनाआधीच मिसळून जातो आणि मिश्र इतिहास असलेले अभ्रकही सुबक पठार दाखवू शकते. बेसाल्टसाठी जो निकष दिलासा देतो, तोच अभ्रकासाठी दिशाभूल करू शकतो. लेसरच्या साह्याने एकेका कणाचे किंवा कणाच्या विशिष्ट भागाचे मापन करण्याकडे संशोधक वळले, त्यामागे हेही एक कारण आहे. याखेरीज बाहेरून शिरलेला अतिरिक्त अरगॉन हा प्रश्न उरतोच. हिमालयाच्या काही भागांत बायोटाइटचा आकडा शेजारच्या मस्कोव्हाइटपेक्षा जास्त येतो. शीतनाच्या नियमानुसार तो कमी यावयास हवा. असा आकडा कितीही अचूक मोजला, तरी त्याला कालदृष्ट्या अर्थ उरत नाही.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

मानपाड्याच्या खडकात कालमापनास योग्य असे अभ्रक मिळत नाही. परंतु महाराष्ट्र म्हणजे केवळ बेसाल्ट नव्हे. कोयना परिसरातील संशोधनविवरात ९३२.५ मीटर खोलीवर लाव्हाथर संपून प्राचीन ग्रॅनाइटी पायाखडक लागला. सिंधुदुर्गात शिस्ट व नाइस उघड्यावर दिसतात. नागपूर-भंडारा पट्ट्यात सौसर व साकोली समूहांचे रूपांतरित खडक आहेत. रामटेकजवळील मानसर हे नाव मँगनीजच्या खाणींमुळे सर्वपरिचित आहे. तेथील मँगनीजधारी थरांसोबत मस्कोव्हाइट-बायोटाइट शिस्ट आढळतो. सौसर पट्ट्याच्या रूपांतरणाचा एक महत्त्वाचा टप्पा मोनाझाइट खनिजावरील अभ्यासांतून सुमारे १०० कोटी वर्षांच्या आसपास मानला गेला आहे.

समजा, मानसरच्या शिस्टमधील अभ्रकाचा अरगॉन-काळ यापेक्षा काही कोटी वर्षांनी कमी आला. त्यावरून मोनाझाइटचा काळ चुकला, असा निष्कर्ष काढता येणार नाही. मूळ गाळ साचण्याचा काळ, रूपांतरणाच्या परमोच्च टप्प्याचा काळ, आणि अभ्रक निवण्याचा वा पुन्हा घडण्याचा काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसाल्टच्या सवयीने वाचणारा विद्यार्थी मात्र या तिन्ही गोष्टींना एकाच 'वया'त कोंबतो.

७. 'वय' या शब्दाची चिकित्सा

ही अडचण अंशतः भाषेची आहे. वय म्हटले की जन्म आलाच. महाराष्ट्रात मागच्या पिढ्यांतील असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आढळते. ती खरी जन्मतारीख नसून, मूल शाळेत दाखल करताना गुरुजींनी सोयीने नोंदविलेली तारीख होती, हे सर्वश्रुत आहे. तो दाखला निरुपयोगी नसतो. मूल केव्हा पटावर आले याचा तो पुरावाच असतो. चूक होते ती त्या नोंदीला जन्माचा पुरावा मानल्यावर. अभ्रकातील अरगॉनचा आकडा असाच पटनोंदीचा आकडा आहे. फरक इतकाच की, अभ्रकाची नोंद सोयीने केलेली नसते. तिला भौतिक कारण असते आणि ते शोधणे हेच संशोधकाचे काम असते.

म्हणून मराठी लेखनात 'वय' हा एकच शब्द वापरण्याऐवजी 'स्फटिकीभवन-काल', 'शीतनकाल' आणि अर्थ अनिश्चित असेल तेथे केवळ 'अरगॉन-काल' असे तीन शब्द वापरणे इष्ट ठरेल. नवीन परिभाषा घडविण्याचा हा अट्टहास नव्हे; एका शब्दामुळे झाकला जाणारा भेद उघडा करण्याचा तो साधा उपाय आहे.

८. निष्कर्ष

अरगॉन-कालमापनाची अचूकता गेल्या काही दशकांत विलक्षण वाढली आहे. परंतु मापनाची अचूकता आणि अर्थाची निश्चिती या भिन्न गोष्टी आहेत. मुंबई-ठाणे परिसरातील बेसाल्टच्या बाबतीत प्रश्न मुख्यतः नमुन्याची झीज, मानक आणि स्थळ यांचा आहे. मोजलेल्या आकड्याचा अर्थ तुलनेने स्पष्ट असतो. अभ्रकधारी रूपांतरित खडकांत आकडा सूक्ष्म मिळाला, तरी तो कोणत्या घटनेचा हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्यामुळे असा कोणताही आकडा देताना किमान चार गोष्टी सांगितल्या जाव्यात : नमुना कोठला, खनिज कोणते, मानक कोणते धरले आणि आकडा कोणत्या घटनेचा मानला. पदवी स्तरावरील अध्यापनात ही सवय लावणे कठीण नाही. येऊरच्या पायथ्याशी उघडे असलेले खडक वाढत्या बांधकामाखाली झाकले जात असताना, जे अद्याप पाहता येतात त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांना उभे करून 'हा खडक किती वर्षांचा?' याऐवजी 'या खडकातील कोणती घटना किती वर्षांपूर्वीची, आणि ती कशावरून?' असे विचारले जावे. मानपाड्याच्या बेसाल्टसमोर या प्रश्नाची सवय झालेला विद्यार्थी पुढे मानसरच्या शिस्टसमोर गेला, तर अभ्रकाचा आकडा हाती आल्यावर तो प्रथम त्याचा अर्थ विचारील.